वाचकांचे प्रश्न : कोयनेच्या पाण्याखालचं गाव आणि कुपवाडची पाणबुडी

प्रश्न : नमस्कार सर, आमचं जुनं गाव कोयनेच्या शिवसागरात गेलं. आजोबा म्हणायचे देवळाचा चौथरा तसाच सोडून आलो. आता दोन-तीन माणसांच्या, पारदर्शक गोळ्याच्या पाणबुड्या निघाल्यात, तसली आणून खाली जाता येईल का?
– एक वाचक, तापोळा

उत्तर : जाता येईल, पण माझं ऐकाल तर नका जाऊ. खोलीचा प्रश्नच नाही. कोयनेची भिंत 103 मीटर, दर 10 मीटरला एक वातावरण (म्हणजे जमिनीवरच्या हवेच्या दाबाइतका) दाब वाढतो, म्हणजे भिंतीपाशी तळाला दहाएक वातावरणं धरा, आणि या पाणबुड्यांतल्या कित्येक त्याहून खोल जातात. आत हवेचा दाब आपल्या घरातल्यासारखाच, त्यामुळे स्कूबावाल्यांसारखं थांबत थांबत वर यायची भानगड नाही. गोड्या पाण्याचंही नवल नाही, 1964 ला जिनिव्हाच्या तलावात स्विस संशोधक झाक पिकार यांच्या पाणबुडीतून हजारो लोक फिरून आले. फक्त समुद्राचं पाणी साधारण अडीच टक्के जड, म्हणून समुद्रासाठी सेट केलेल्या 3 टनी पाणबुडीतून इथे 75 किलोच्या आसपास वजन काढावं लागेल, नाहीतर ती दगडासारखी खाली जाईल.

खरी अडचण गाळाची. तळाशी पंखा फिरला की सगळं गढूळ, मग लाइट लावा नाहीतर नका लावू, समोर नुसती भिंत. त्यात बुडालेली झाडं, तुटलेली जाळी… अडकलात तर काढायला कोण येणार? किंमत कोटीत, शिवाय जलसंपदा आणि वनखातं दोन्हीकडे खेटे. त्यापेक्षा पाण्याखाली चालणारा वायरवाला कॅमेरा ड्रोन घ्या, काही लाखांत येतो, अडकला तर पैसेच जातील. आणि तापोळा धरणापासून लांब, वरच्या अंगाला आहे, मे अखेरीस पाणी हटतं तेव्हा जुना नकाशा घेऊन आधी काठाने चालत बघा, गाव उथळात असेल तर ड्रोनचाही खर्च वाचेल.

प्रश्न : माझं कुपवाड एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं शॉप आहे. एका माणसाची पाणबुडी स्वतः बनवून आयर्विन पुलाजवळ ट्रायल घ्यायचा विचार आहे, काय वाटतं?
– एक वाचक, सांगली

उत्तर : वेल्डिंग तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता, म्हणून झाकणाचं बोलतो. 50 सेंटीमीटरच्या गोल झाकणावर 50 मीटरला जवळपास 10 टन भार येतो. दुसरं श्वासाचं. एक घनमीटर हवेत माणूस बंद केला तर ऑक्सिजन संपायच्या कितीतरी आधी, दोनएक तासांतच कार्बन डायऑक्साइडने धाप लागते, डोकं चालेनासं होतं, म्हणजे नुसती ऑक्सिजनची बाटली पुरत नाही, तो वायू शोषणारा सोडा लाइम आणि हवा फिरवणारा पंखा पाहिजेच. आणि हाताने सोडता येईल असं पोटाखालचं वजन, बॅटरी मेली तरी वर यायला. टायटॅनिकचे अवशेष बघायला गेलेल्या टायटन पाणबुडीची गोष्ट माहितीच असेल, 2023 मध्ये पाच जण गेले, तिची कुठल्याही संस्थेकडून रीतसर तपासणी करून घेतलेली नव्हती. आपल्या देशाची मत्स्य 6000 पाणबुडी बघा, तिघांना 6000 मीटर नेणार तरी आधी बंदरातल्या पाण्यात चाचण्या.

कृष्णेत नकोच, ओढ आहे आणि पाणी कायम गढूळ. एखादी खोल विहीर बघा, वरून चेन पुली लावा, आत माणसाऐवजी वाळूची पोती ठेवा आणि रात्रभर बुडवून सकाळी वर काढा, आतली पोती कोरडी निघाली तर पुढचं पत्र लिहा.