जर्नल पूर्ण, प्रॅक्टिकल अपूर्ण

प्रश्न: मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. या सत्रात केमिस्ट्रीची १२ पैकी ४ च प्रॅक्टिकल्स झाली. उरलेल्या ८ ची जर्नलं आम्ही सीनियर्सची बघून पूर्ण केली आणि सरांनी सह्याही दिल्या. वर्गाला प्राचार्यांकडे तक्रार करायची आहे. अर्ज मी लिहिलाय, सोबत पाठवतेय. पण इंटर्नल मार्क सरांच्याच हातात आहेत. निनावी पत्र टाकावं का? घरी सांगू का?

उत्तर: तुझी भीती उगाच आहे असं मी म्हणणार नाही. मी बरीच वर्षं कॉलेजात शिकवलंय. सकाळी अर्ज आला की तो कुणी दिला हे तिसऱ्या लेक्चरपर्यंत स्टाफरूममध्ये कळलेलं असतं. निनावी पत्रानेही फार काही लपत नाही, कारण प्रॅक्टिकल्स कुठल्या वर्गाची बुडाली हे ओळखायला सही लागत नाही. उलट अशा पत्राला उत्तर द्यायची जबाबदारी कुणावरच येत नाही.

तुझा अर्ज वाचला. 'सर अत्यंत बेजबाबदार असून प्रॅक्टिकल कधीच घेत नाहीत.' प्राचार्य सरांना बोलावतील, सर म्हणतील 'चार घेतली की', आणि त्या एका 'कधीच'वर तुमचा अर्ज आडवा होईल. त्यापेक्षा तक्ता कर: प्रयोगाचा क्रमांक, टाइमटेबलमधली तारीख, झाला की नाही, नसेल तर काय कारण सांगितलं. विशेषणं सगळी काढ. शेवटी मागणी लिही: राहिलेले ८ प्रयोग परीक्षेआधी जादा बॅचेस लावून घ्यावेत. कारणांच्या रकान्यात 'केमिकल्स आली नाहीत' असंच पुन्हा पुन्हा निघालं, तर घोळ खरेदीत आहे आणि सरांनाही तुमचा अर्ज हवाच असेल.

आता अवघड भाग. सरांनी सही करायला नको होती, पण त्या ८ प्रयोगांची रीडिंग्ज तुमच्या हातची आहेत. हे अर्जात लिहा. नाही लिहिलंत तर सही केलेली जर्नलं टेबलावर येतील आणि पहिलाच प्रश्न येईल, 'जर्नल पूर्ण आहे, मग तक्रार कसली?' 'प्रयोग न करता जर्नल पूर्ण केले, ही आमचीही चूक आहे,' एवढं एक वाक्य पुरे. वर्गातले काही जण त्याखाली सही करणार नाहीत. त्यांच्याशिवाय अर्ज जाऊ दे.

आधी एचओडींना, म्हणजे विभागप्रमुखांना, भेटा, कारण 'एचओडींकडे गेलात का?' हे प्राचार्य विचारणारच. सह्या रोल नंबरच्या क्रमाने घ्या, म्हणजे पुढारी कोण हे शोधायला वाव राहत नाही. ऑफिसात दोन प्रती न्या. एक आवकला, म्हणजे आलेल्या कागदांची नोंद होते तिथे, द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. क्लार्क 'ठेवून जा' म्हणाले तरी पोच मिळेपर्यंत हलू नका.

आठवडाभरात हालचाल नाही झाली तर विद्यार्थी तक्रार निवारण समिती आहे. यूजीसीच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे ती कॉलेजात असायलाच हवी. तिने शक्यतो कामकाजाच्या १५ दिवसांत अहवाल द्यायचा आणि त्याची प्रत तक्रार करणाऱ्यालाही द्यायची. निर्णय पटला नाही तर तो मिळाल्यापासून १५ दिवसांत विद्यापीठाने विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी नेमलेल्या लोकपालांकडे अपील करता येतं. (रॅगिंग किंवा लैंगिक छळाची गोष्ट असती तर ही पायरीपायरीची वाट मी सांगितलीच नसती. त्यासाठी वेगळ्या समित्या आहेत, थेट तिथे जायचं.)

इंटर्नलचं म्हणशील, तर टेस्टचे मार्क, सबमिशनच्या तारखा, हजेरी या सगळ्याचे फोटो आजच काढून ठेव. नुसतं 'पेपर पुन्हा तपासा' म्हणून लोकपाल दाद देत नाहीत. निकालावर परिणाम करणारी नेमकी गडबड किंवा भेदभाव दाखवावा लागतो, आणि तो अर्जाच्या आधीचे आणि नंतरचे मार्क शेजारी ठेवले तरच दिसेल.

घरी जरूर सांग. फक्त बाबांना आत्ताच कॉलेजात नेऊ नकोस. पालक केबिनमध्ये आले की सगळं बोलणं त्यांच्याशीच होतं आणि ज्यांची प्रॅक्टिकल्स बुडाली ते दाराबाहेर उभे राहतात.