कर्णबधिर भावाचा वाटा

प्रश्न : माझा धाकटा भाऊ जन्मापासून कर्णबधिर आहे. वडिलांच्या पश्चात सातबाऱ्यावर वारसांची नावे लावताना चुलते म्हणाले, "मुक्याला वाटा नसतो, त्याला नुसते पोसायचे असते." हे खरे आहे का?

उत्तर : नाही, आपल्या भावाचा हक्क आपल्याइतकाच आहे. चुलत्यांच्या बोलण्याचे मूळ मात्र फार जुने आहे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात 'जात्यन्धबधिरौ' म्हणजे जन्मांध आणि जन्मतः बहिरा यांना, आणि त्यांच्याच पंक्तीत वेडा, जड (म्हणजे मंदबुद्धी) व मुका यांनाही वाटा नाकारून केवळ अन्नवस्त्राचा अधिकार दिला आहे, आणि हाच नियम पुढे 'मिताक्षरा' या याज्ञवल्क्यस्मृतीवरील टीकाग्रंथातून ब्रिटिश न्यायालयांपर्यंत चालत आला. 'जड' आणि 'मूक' हे शब्द तिथे एकमेकांना चिकटून बसले आहेत. ज्याला बोलता येत नाही त्याला समजतही नाही, हा गैरसमज भाषेने असा जपला आणि कायद्याने तो उचलला, याचे मला मनापासून वाईट वाटते. १९२८ च्या कायद्याने मिताक्षरा मानणाऱ्या हिंदूंपुरता हा अडसर दूर केला. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २८ ने तर कोणताही रोग, दोष किंवा व्यंग वारसाहक्काच्या आड येणार नाही, असे स्पष्टच म्हटले. साक्षीबाबत १८७२ चा पुरावा कायदा अधिक उदार होता : खुल्या न्यायालयात लिहून किंवा खुणांनी दिलेली साक्ष त्याने तोंडी पुराव्यासारखीच मानली. वारसनोंदीच्या अर्जात भावाचे नाव अवश्य घाला आणि सही त्यालाच करू द्या.