काकांनी 12 वर्षं एकट्याने जमीन कसली, म्हणून ती त्यांची होते का?

तुमचा प्रश्न असा: आजोबा 1996 ला वारले. तेव्हापासून थोरले काका एकटेच जमीन कसतात, सातबाऱ्यावर नावही त्यांचंच. वडील नोकरीपायी बाहेरगावी राहिले. आता हिस्सा मागितला तर काका म्हणतात, "12 वर्षं कधीच झाली, जमीन माझी."

नुसत्या तेवढ्यावर होत नाही. मी तालुक्याच्या कोर्टात वकिली करतो, ही 12 वर्षांची गोष्ट महिन्यातून एकदा तरी ऐकतो. आकडा खोटा नाही. 1963 च्या मुदत कायद्यात अनुच्छेद 65 ला तो आहे, आणि मुदत उलटली की कलम 27 मुळे मूळ मालकाचा हक्कच संपतो. पण मोजणी ताबा घेतल्या दिवसापासून नाही, ताबा प्रतिकूल झाला त्या दिवसापासून. भावकीत गोम इथेच आहे. एका सहहिस्सेदाराचा ताबा म्हणजे सगळ्यांचा ताबा, हे सर्वोच्च न्यायालयाने 1956 मध्येच लक्ष्मी रेड्डी प्रकरणात सांगितलंय. काकांनी 'तुझा हक्क मी मानत नाही' हे उघडपणे, तुमच्या वडिलांना कळेल असं दाखवून दिलेलं हवं, आणि त्यानंतर 12 वर्षं जायला हवीत. तेही काकांनीच सिद्ध करायचं.

म्हणून वडिलांची ट्रंक उघडा. आमचा एक दावा एका पोस्टकार्डाने तारला. 'यंदा पावसाने दगा दिला, तुझ्या वाटणीचे तांदूळ दिवाळीनंतर पाठवतो,' एवढाच मजकूर. 'तुझ्या वाटणीचे' हे दोन शब्द समोरच्या वकिलांना शेवटपर्यंत गिळता आले नाहीत.

सातबारा मालकी देत नाही, ती महसुलाची नोंद. तरी वारसाचा फेरफार, म्हणजे आजोबांनंतर काकांचं नाव लागल्याची नोंद, काढाच. पुष्कळदा थोरल्याचं नाव 'ए.कु.मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून लागलेलं असतं. तसं निघालं तर पेढे आणा. वाटू नका अजून.

कैफियतीत, म्हणजे दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात, काका बहुधा लिहितील, 'जमीन मला वाटणीत आली, नाहीतर प्रतिकूल ताब्याने माझी झाली.' लिहू द्या. माझीच आहे आणि दुसऱ्याची होती पण मी बळकावली, या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाच्या कर्नाटक वक्फ बोर्ड प्रकरणातल्या 2004 च्या निकालात हे स्पष्ट आहे.

मला खरी धास्ती वेगळ्याच कागदांची वाटते. वडिलांनी नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून दिलं होतं का? किंवा समजा, त्यांनी 2005 साली नोटीस दिली आणि काकांनी 'तुझा काही संबंध नाही' असं लेखी उत्तर दिलं. मग घड्याळ तेव्हाच सुरू झालं आणि तुमची बाजू खूपच लंगडी पडते. वडिलांनी घरी सांगितलं नसेल, आईला विचारा.

आणि आत्या! त्यांचाही हिस्सा आहे, आणि वाटपाच्या दाव्यात त्यांना पक्षकार केलं नाही तर दावा त्याच मुद्द्यावर अडकतो. अजून त्यांच्याशी बोलला नसाल तर काकांच्या आधी तुम्ही बोला.

काकांचा आत्ताचा नकार व्हॉट्सॲपवर असेल तर तो मेसेज तारखेसकट जपून ठेवा. फार तर त्या तारखेपासून 12 वर्षं मोजा म्हणता येईल.