स्मरणिका दिसते, पण शोधात सापडत नाही
(वाचकांचे प्रश्न)

प्रश्न : आमच्या शाळेची स्मरणिका २००३ साली लातूरला डीटीपी करून घेतली. पेजमेकर या पाने मांडायच्या सॉफ्टवेअरची फाइल सीडीवर आहे. त्यातला मजकूर मोबाइलवर घेतला की नुसती इंग्रजी अक्षरे दिसतात. तो वेबवर कसा टाकावा?
— एक वाचक, औसा

उत्तर : मजकूर शाबूत आहे. कृतिदेव, श्रीलिपी असल्या जुन्या फाँटांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असत. फाँट नसेल तिथे खालची इंग्रजी अक्षरे उघडी पडतात. युनिकोड या जगभरच्या पद्धतीत प्रत्येक वर्णाला स्वतःचा क्रमांक असतो; 'क'चा ०९१५. देवनागरी त्यात १९९१ पासून आहे, पण पेजमेकरला युनिकोड कधी जमलेच नाही. त्यामुळे छापखाने जुन्या फाँटांवरच राहिले.

आधी सीडीची प्रत काढा. जुन्या सीडी दगा देतात. मग फाँटचे नेमके नाव पाहा. प्रत्येक फाँटची मांडणी वेगळी, म्हणून मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा कन्व्हर्टरही त्याच फाँटचा हवा. एकदम सगळे न बदलता एक पान बदलून तपासा. पहिली गडबड ऱ्हस्व वेलांटीची. ती डावीकडे दिसते म्हणून जुन्या फाँटात अक्षराआधी टाइप होते, युनिकोडमध्ये अक्षरानंतर येते. रफाराचे नेमके उलटे. 'दुसऱ्या'मधला ऱ्य, जोडाक्षरे आणि मधले इंग्रजी शब्द (त्यांचे तर भलतेच काही होते) डोळ्यांनीच तपासावे लागतात.

बरेच जण जुन्या फाँटची पीडीएफ करून मोकळे होतात. ती दिसते सुरेख, पण कंट्रोल-एफ दाबून 'मुख्याध्यापक' शोधा, सापडणार नाही. सर्च इंजिनलाही नाही आणि अंधांसाठी मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरलाही नाही. उद्याच्या वेबवर मजकूर माणसांइतकाच यंत्रेही वाचणार आहेत. तेव्हा पीडीएफ राहू द्या, पण सोबत युनिकोड मजकूर द्याच.

प्रश्न : मराठी एसएमएस इंग्रजीपेक्षा लवकर का भरतो?
— एक वाचक, परतूर

उत्तर : एका एसएमएसमध्ये १४० बाइट, म्हणजे ११२० बिट मावतात. इंग्रजी अक्षराला ७ बिट लागतात, म्हणून १६० अक्षरे बसतात. देवनागरीला १६ बिट, म्हणून ७०. शिवाय काना, वेलांटी, हलंत वेगळे मोजले जातात. 'स्मरणिका' दिसायला लहान, मोजणीत आठ.

प्रश्न : घरात मोडी कागद आहेत. तेही टाइप करून ठेवावेत का?
— एक वाचक, कंधार

उत्तर : मोडीला २०१४ साली युनिकोडमध्ये जागा मिळाली, पण बहुतेक मोबाइलवर तिचा फाँट नसतो, समोरच्याला रिकामे चौकोन दिसतील. जाणकाराकडून देवनागरी लिप्यंतर करून घ्या. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यापासून मराठवाड्यात मोडी वाचणाऱ्यांना मागणी वाढली आहे, तेव्हा थोडे थांबावे लागेल. तोवर ३०० डीपीआयवर रंगीत स्कॅन करा, काळे-पांढरे नको. फिकट शाई त्यात उडून जाते. घडीवर फाटू लागलेला कागद सेलोटेपने चिकटवू नका.