आईचा आमवात आणि मुलीचे करिअर

प्रश्न : माझ्या पत्नीला अनेक वर्षांपासून आमवाताचा त्रास आहे. समुद्री स्पंज या प्राण्यांमध्ये दाह कमी करणारी संयुगे असतात, असे वाचनात आले. बारावीतील मुलीने सागरी जीवशास्त्र घेऊन त्यातच संशोधन करावे, म्हणजे आईलाही उपयोग होईल, असे मी ठरवले आहे. तिला रसायनशास्त्रात गुण कमी पडतात. प्राण्यांची चित्रे काढणे आणि त्यांचे वर्गीकरण करणे तिला आवडते. कोणता अभ्यासक्रम निवडावा? – एक पालक

उत्तर : मुलीच्या गुणांपेक्षा मला दुसरीच गोष्ट खटकली. निर्णय तुम्ही घेऊन मोकळे झाला आहात आणि तिचे स्वतःचे म्हणणे पत्रात कुठेच नाही. आईच्या दुखण्यावर औषध शोधणे हेच करिअरचे उद्दिष्ट म्हणून मुलीसमोर ठेवले, की तिला नकार देण्याची सोयच उरत नाही, कारण विषयाला दिलेला नकार हा आईला दिलेला नकार ठरतो. पुढे प्रयोग फसले, आणि या क्षेत्रात बहुतेक प्रयोग फसतातच, तर ते अपयशही ती आईच्या वेदनांशी जोडून पाहील. तुमच्या हेतूविषयी मला शंका नाही. तरीही ही अपेक्षा तुम्ही आजच, तिच्यासमोर स्पष्ट शब्दांत मागे घ्यावी.

स्पंज सापडला, अर्क काढला, की औषध तयार झाले, हा तुमचा समज चुकीचा आहे. लुफारिएला व्हेरिआबिलिस या स्पंजातील मॅनोॲलाइड या संयुगाची माहिती 1980 मध्ये प्रसिद्ध झाली. फॉस्फोलिपेज ए2 हे विकर (एन्झाइम) पेशीपटलातून ॲरॅकिडॉनिक आम्ल सुटे करते आणि त्यापासून पुढे दाह वाढवणारी द्रव्ये बनतात. मॅनोॲलाइड त्या विकरालाच निकामी करते, म्हणजे नेहमीच्या अनेक वेदनाशामक गोळ्यांच्या आधीच्या टप्प्यावर ते काम करते. त्यामुळे आशा वाढली, सोरायसिस या त्वचाविकारासाठी मानवी चाचण्याही झाल्या, परंतु औषध त्वचेतून पुरेसे आत पोहोचेना आणि ते बाजारात आलेच नाही. स्पंजांचे ठळक यश कर्करोगाच्या औषधांत आहे, आणि तिथेही वाट लांबच होती : स्पंजातील हॅलिकॉन्ड्रिन बी हा रेणू 1986 मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी मांडला आणि त्यावर आधारलेल्या एरिब्युलिन या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली ती 2010 मध्ये. टनभर स्पंजातून हा रेणू काहीशे मिलिग्रॅमच हाती लागतो. म्हणून औषध समुद्रातून न आणता प्रयोगशाळेत, पायरीपायरीने घडवावे लागले. थोडक्यात, हे काम पाणबुड्यापेक्षा सेंद्रिय रसायनशास्त्रज्ञाचे अधिक आहे, आणि नेमका तोच विषय तुमच्या मुलीला जड जातो.

तिच्या ज्या आवडीचा उल्लेख तुम्ही जाता जाता केला आहे, तिच्याकडे मात्र मी गांभीर्याने पाहीन. एकाच जातीच्या स्पंजाचा आकार परिस्थितीनुसार बदलतो. त्यामुळे ओळख पटवताना सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या कंटिका, म्हणजे सांगाड्यातील सुईसारखे बारीक काटे, तपासाव्या लागतात, आणि ही ओळख चुकली तर दुसऱ्या प्रयोगशाळेला तेच संयुग पुन्हा मिळवता येत नाही. बारकावे टिपणारी नजर आणि चित्र काढणारा हात इथे खरोखर कामी येतो. या शाखेत नोकऱ्या मोजक्याच असतात, हेही तिला आधीच सांगा. वाट नेहमीचीच : प्राणिशास्त्र किंवा सागरी जीवशास्त्रात पदवी, पदव्युत्तर शिक्षण आणि मग पीएच.डी.

पत्नीचे उपचार संधिवाततज्ज्ञांच्या सल्ल्यानेच चालू ठेवा आणि स्पंजाचा अर्क म्हणून कोणी काही विकत असेल, तर त्याच्या नादी लागू नका. पुढचे पत्र मुलीने स्वतः लिहावे आणि ते पाठवण्यापूर्वी तुम्ही वाचू नये. तिला स्पंजांत मुळीच रस नसेल, तर तसेही तिने निःसंकोच लिहावे.