सव्वीस गुण कुणाच्या नावावर?

प्रश्न : आम्ही मिशिगनमध्ये राहतो, लेक आयोवा सिटीला शिकते. त्यामुळे २ डिसेंबर २०२३ पासून घरात एक भांडण मिटायला तयार नाही. त्या दिवशी अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधल्या बिग टेन या गटाच्या अंतिम सामन्यात मिशिगनने आयोवाला २६-० असं धुतलं. लेक म्हणते, "बाबा, आमचा डिफेन्स मस्त खेळला होता." मी म्हणतो, सव्वीस दिले ना? मग मस्त कसला? मी क्रिकेटवर वाढलेला माणूस, मला धावफलक कळतो. कॉलेज फुटबॉलचा डिफेन्स फलकावरून नाही, तर कशावरून जोखायचा?
– एक बाप, ट्रॉय, मिशिगन

उत्तर : लेकीचं बरोबर आहे. मी बावीस वर्षं आयोवातल्या सीडर रॅपिड्सला राहते, तेव्हा माझं माप कुणीकडे झुकणार ते उघडच आहे. तरी हिशेब बघा.

त्या सव्वीसमधले बारा गुण चार फील्ड गोलचे (लाथेने चेंडू खांबांमधून घालायचा, तीन गुण). फील्ड गोल म्हणजे पाहुणे दारापर्यंत आले, पण चहावर बोळवण झाली, पान वाढलं नाही. उरले चौदा, म्हणजे दोन टचडाऊन (चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेणं, पुढच्या किकसह सात गुण). पहिल्याची गोष्ट अशी, की आयोवाने पंट मारला, म्हणजे लाथेने चेंडू लांब समोरच्यांकडे सोडून दिला, मिशिगनच्या सेमाज मॉर्गनने तो घेतला आणि ८७ यार्ड पळत थेट आयोवाच्या पाच यार्डांच्या रेषेपर्यंत आला. पंटच्या वेळी मैदानात वेगळी तुकडी असते. डिफेन्सची मंडळी तेव्हा बाकावर होती. तिथून उठून यायचं आणि राखायला पाठीमागे उरलेले यार्ड किती, तर पाच. ब्लेक कोरमने ते काढले. दुसऱ्या वेळी आमच्या क्वार्टरबॅकच्या (पास टाकणाऱ्या मुख्य खेळाडूच्या) हातातून चेंडू हिसकावला गेला आणि कोरम सहा यार्डांवरून आत घुसला. अकरा यार्डांत चौदा गुण! पूर्ण सामन्यात मिशिगनला यार्ड मिळाले २१३. हाच संघ पाच आठवड्यांनी वॉशिंग्टनला ३४-१३ असं हरवून राष्ट्रीय विजेता झाला. आता सांगा, ते चौदा कुणाच्या नावावर लिहायचे?

अधिकृत आकडेवारीत ते डिफेन्सच्याच नावावर लागतात. एवढंच कशाला, १ जानेवारी २०२४ ला टेनेसीने आम्हाला ३५-० असं लोळवलं, त्यात त्यांच्या जेम्स पिअर्सने आमचा पास मध्येच पकडून ५२ यार्ड पळत टचडाऊन केला. आयोवाचा डिफेन्स तेव्हा मैदानातही नव्हता. गुण मात्र त्याच्या सरासरीत जमा.

माझे अप्पा सांगलीला शनिवार-रविवारच्या क्लब सामन्यांचे स्कोअरर होते. गोलंदाजाच्या रकान्यात शाईने '१२-१-५८-१' लिहायचे आणि समासात पेन्सिलीने, 'गलीत दोन सुटले', 'वाऱ्याविरुद्ध टाकतोय', 'सातव्या षटकापासून पाय दुखतोय'. निवड करणारे लोक घरी येत, शाई उतरवून घेत आणि चहा पिऊन जात. अप्पा वही त्यांच्याकडे फिरवून समासावर बोट ठेवत, तोवर ते चपला घालत असत.

मीही आयोवाच्या किनिक स्टेडियमवर वही नेते. (शेजारच्या खुर्चीतल्या आजोबांना पहिलं वर्षभर वाटायचं, मी कुठल्या तरी वर्तमानपत्राची आहे. आता ते स्वतःच विचारतात, "त्याची नोंद केलीस ना?") पहिलं क्वार्टर संपल्यावर सगळं मैदान वळून शेजारच्या हॉस्पिटलच्या खिडक्यांतल्या मुलांना हात हलवतं, तेवढा वेळ फक्त पेन खाली असतं.

वहीत प्रतिस्पर्ध्याच्या प्रत्येक ड्राइव्हला, म्हणजे चेंडू मिळाल्यापासून हातातून जाईपर्यंतच्या सलग खेळींना, एक ओळ. चेंडू कुठून मिळाला, किती खेळी झाल्या, शेवट कशात झाला. साधारण डझनभर ओळी होतात. सामन्यामागे दिलेले यार्ड हा आकडा टीव्हीवर सगळ्यात मोठ्या अक्षरांत येतो आणि तोच सगळ्यात कमी सांगतो, कारण डिफेन्सला किती वेळा मैदानात यावं लागलं हे त्यात नसतं. २२ ऑक्टोबर २०१६ ला ओक्लाहोमाने टेक्सस टेकला ६६-५९ असं हरवलं. दोन्ही संघांचे यार्ड अगदी सारखे, ८५४ आणि ८५४. टेकच्या पॅट्रिक महोम्सने एकट्याने ८८ पास टाकून ७३४ यार्ड काढले. दोन्ही डिफेन्स त्या रात्री भिकार होते, त्यात वाद नाही. पण जिथे एक खेळी संपते न संपते तोच दुसरी सुरू होते, तिथले यार्ड आणि आमच्यासारख्या घड्याळ संपवत बसणाऱ्या संघाच्या सामन्यातले यार्ड एका तराजूत कसे घालायचे? म्हणून ड्राइव्हमागे किती गुण दिले ते बघावं, आणि त्या ओळीशेजारी ड्राइव्ह कुठून सुरू झाला तेही.

प्रत्येक खेळीपुढे मी टिक किंवा फुली मारते. नियम माझा नाही. बिल कॉनेली नावाचे लेखक आहेत, त्यांच्या लिखाणातून तो रूढ झाला. चार प्रयत्नांत दहा यार्ड काढायचे असतात हे तुम्हाला माहीत आहेच. पहिल्या डाऊनला (प्रयत्नाला) हव्या असलेल्या यार्डांपैकी निम्मे मिळाले, दुसऱ्याला सत्तर टक्के, तिसऱ्या-चौथ्याला सगळे, तर खेळी ऑफेन्सची. नाहीतर डिफेन्सची. थर्ड डाऊनला बारा हवे असताना आठ यार्डांचा पास झाला की फलकावर 'आठ' दिसतात आणि पाहुण्यांचे लोक टाळ्याही वाजवतात. माझ्या वहीत ती डिफेन्सची टिक. उलट पहिल्याच डाऊनला मधोमध घुसून काढलेले पाच यार्ड कुणाच्या लक्षात राहत नाहीत, आणि तेच पुढे महागात पडतात.

सुटलेला चेंडू कुणी उचलला याला मी फार भाव देत नाही. तो लांबुळका चेंडू टप्पा पडल्यावर कुठे उडेल हे त्यालाच ठाऊक. कुणाला मिळतो ते जवळजवळ छापा-काटा. तो हातातून पाडला कुणी, ते लिहावं. आणि चौथ्या क्वार्टरमध्ये तीस गुणांची आघाडी असली की मी पानावर आडवी रेघ मारते. त्याखाली राखीव पोरं खेळतात, यार्ड वाटले जातात, ते मोजायचे नाहीत.

आता लेकीची बाजू थोडी कमी करते, म्हणजे तुम्हालाही घरात तोंड वर काढता येईल. आयोवाने २०२३ मध्ये सामन्यामागे १४.८ गुण दिले, डिफेन्सचे प्रशिक्षक फिल पार्कर यांना देशातल्या सर्वोत्तम साहाय्यक प्रशिक्षकाचा ब्रॉइल्स पुरस्कार मिळाला. छान. पण त्या आकड्यात मेलबर्नहून आलेल्या टोरी टेलरच्या पायाचा वाटा किती? त्याने त्या मोसमात ९३ पंट मारले, एकूण ४,४७९ यार्ड, हा राष्ट्रीय विक्रम आहे. प्रतिस्पर्ध्याला दर खेपेला लांबून निघावं लागलं, म्हणजे डिफेन्सच्या पाठीमागे भरपूर अंगण. दुसरं म्हणजे, आमचा ऑफेन्स यार्डांच्या यादीत १३३ संघांत १३३ वा होता. असा संघ समोर असेल तर दहा गुणांची आघाडी घेऊन गप्प बसणंच शहाणपणाचं, धोका कोण पत्करेल? त्याने आमच्या डिफेन्सची सरासरी आणखी गोड दिसते.

त्या ऑफेन्सचे प्रमुख होते ब्रायन फेरेन्ट्झ, मुख्य प्रशिक्षकांचे चिरंजीव. त्यांच्या करारात अट घातली होती, की संघाने सामन्यामागे २५ गुण करायचे, आणि डिफेन्सने केलेले गुणही त्यात धरायचे! म्हणजे गडी राबणार शेतात आणि पीक मोजणार पाटलाच्या कणगीत. तरी सरासरी १५.४ वरच अडकली. त्याच्या आदल्या वर्षी, ३ सप्टेंबर २०२२ ला, आम्ही साउथ डकोटा स्टेटला ७-३ असं हरवलं, एकही टचडाऊन न करता. एक फील्ड गोल आणि डिफेन्सने मिळवलेल्या दोन सेफ्टी (चेंडूवाल्याला त्याच्याच शेवटच्या रेषेमागे पाडणं), प्रत्येकी दोन गुणांच्या. डिफेन्सने दिले तीन आणि केले चार. एकट्या डिफेन्सने ४-३ असा जिंकलेला सामना मी दुसरा पाहिलेला नाही. त्या दिवसाचं पान मी फ्रिजवर लावलं होतं.

पुढच्या शनिवारी बाप-लेक एकत्र बसाल तेव्हा चेंडूकडे बघू नका, मागे उभ्या असलेल्या दोन सेफ्टींकडे बघा. (नाव तेच, पण हे खेळाडू; वरचे ते गुण.) आयोवाचे मागचे खेळाडू बहुतेक वेळा माणसाला नव्हे, जागेला धरून असतात आणि नजर क्वार्टरबॅकवर ठेवतात. छोटा पास ते होऊ देतात. तो झेलल्यावर पकडणारा तिथेच पडतो की आणखी सहा यार्ड ओढत नेतो, ते बघा. ते कुठल्याच फलकावर येत नाही.

प्रश्न : २४ नोव्हेंबर २०१८ ला टेक्सस ए अँड एमने एलएसयूला ७४-७२ असं हरवलं. यापेक्षा वाईट डिफेन्स असू शकतो का?
– एक वाचक, ह्यूस्टन

उत्तर : असू शकतो, आणि त्या रात्री तो नव्हता. ठरलेला वेळ संपला तेव्हा गुण होते ३१-३१. पुढे सात ओव्हरटाइम झाले. कॉलेजमध्ये ओव्हरटाइमचा ड्राइव्ह थेट प्रतिस्पर्ध्याच्या २५ यार्डांवरून सुरू होतो. पंट नाही, लांब मैदान नाही. त्यात एकाने ४३ केले, दुसऱ्याने ४१. सरासरी काढताना हे ८४ गुण वगळून बघा, आणि ३१ वर जे बोलायचं ते बोला. २०२१ पासून तिसऱ्या ओव्हरटाइमपासूनच फक्त दोन-दोन गुणांचे प्रयत्न होतात, त्यामुळे असा फलक परत दिसणं कठीण.

प्रश्न : कॉलेज संघांच्या धावण्याविरुद्धच्या आकड्यांत उणे यार्ड कसे येतात? एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये असं क्वचितच दिसतं.
– एक वाचक, एडिसन

उत्तर : क्वार्टरबॅकला मागे पाडलं (याला सॅक म्हणतात) की गेलेले यार्ड कॉलेजमध्ये धावण्यातून वजा होतात, एनएफएलमध्ये पासिंगमधून. त्यामुळे कॉलेजचा एखादा डिफेन्स धावणाऱ्यांना भिंतीसारखा अडवतो असं कागदावर दिसतं, आणि प्रत्यक्षात त्याचं खरं कसब क्वार्टरबॅकवर तुटून पडण्यात असतं. सॅक वेगळे काढून उरलेल्या यार्डांना उरलेल्या धावत्या खेळींनी भागा. माझ्या वहीत त्याला वेगळा रकाना आहे, पेन्सिलीचा.