एअरग्लो जमिनीवरून दिसतो, मग रॉकेट कशाला?

तुमचे प्रश्न दोन आहेत. एअरग्लो, म्हणजे रात्रीच्या आकाशातली ऑक्सिजनची चमक, जमिनीवरून मोजता येते, तर चार मिनिटांसाठी रॉकेट का उडवायचं? आणि रॉकेटमधून ही चमक मोजणारा फोटोमीटर, म्हणजे प्रकाशमापक, कॉलेजच्या मुलांना बनवता येईल का?

रॉकेट लागतं ते उंचीसाठी. जमिनीवरून एकूण चमक कळते, चमकणारा थर किती उंचीवर आहे ते नाही. क्षितिजाकडे चमक किती वाढते त्यावरून पूर्वी उंची काढत, पण त्या उत्तरांचा एकमेकांशी मेळ बसत नसे. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या व्हाइट सँड्सहून एरोबी रॉकेटं गेली तेव्हा कुठे ५५७.७ नॅनोमीटर तरंगलांबीच्या हिरव्या रेषेचा थर शंभर किलोमीटरच्या आसपास आहे हे पक्कं झालं. या चमकेतला ७६२ नॅनोमीटरचा पट्टा तर खालच्या हवेतला ऑक्सिजनच गिळून टाकतो, तो जमिनीवर पोचतच नाही.

वर बघणारा फोटोमीटर थरातून जाऊ लागला की डोक्यावरचा प्रकाश घटत जातो. कोणत्या उंचीवर किती झपाट्याने घटला, तेवढा उजेड त्या उंचीवर तयार होतो. आणि इथेच चूक होते. आमची झाली.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आमच्या फोटोमीटरमध्ये प्रकाश मोजणाऱ्या दोन नळ्या होत्या: एकीवर हिरव्या रेषेचा फिल्टर, दुसरीवर त्या रेषेच्या शेजारचा, फक्त ताऱ्यांचा उजेड मोजायला. वजन सव्वा किलोने जास्त भरलं आणि सरांनी दुसरी नळी काढायला लावली. "ताऱ्यांची पार्श्वभूमी स्थिर असते, नंतर वजा करू." मी नको म्हणत होतो.

रॉकेट छान गेलं. पण आलेखात १०४ किलोमीटरला एक उंचवटा आला. सरांनी तो गुळगुळीत करून दुसरा थर म्हणून छापला. मी चार्टचा कागद जमिनीवर पसरून पेन्सिलने खुणा केल्या. तसाच उंचवटा १२० ला होता, १३४ लाही, आणि तिथे तर हिरवा उजेड जवळपास उरतच नाही. दोन उंचवट्यांमधली वेळ मोजली तर प्रत्येक वेळी अठरा सेकंद. भोवरा मंदावताना डुलतो तसं रॉकेट डुलत होतं आणि दर फेरीला फोटोमीटर आकाशगंगेवरून जात होता. उंचवट्याच्या चढावर तर गणितात उजेड उणे येत होता! उणे उजेड कुठे असतो? सर म्हणाले, तो गोंगाट आहे. तो शोधनिबंध आजही तसाच आहे.

मुलांना जमेल. फिल्टरचा पट्टा तापमानाने सरकतो, म्हणून उड्डाणाच्या वेळी जेवढं असेल तेवढ्याच तापमानाला तपासा. अमावास्येजवळची रात्र निवडा.

एक सांगायचं राहिलं. रॉकेट एकाच जागेचं, तेही काही मिनिटांचं चित्र देतं. थरातून जाणाऱ्या हवेच्या लाटा रात्रभर बघायच्या तर जमिनीवरचा कॅमेराच हवा. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या आवारातून अशी निरीक्षणं झाली आहेत. ६३० नॅनोमीटरची लाल चमक अडीचशे किलोमीटरच्या आसपास असते, त्यासाठी रॉकेटही मोठं लागतं.

वजन वाढलं तर पेटी हलकी करा, आधाराचे कंस बारीक करा, पण दुसरी नळी काढू नका. कुणी म्हणालं पार्श्वभूमी स्थिर असते, तर त्यांना तिथल्या तिथे विचारा: रॉकेट डुलणार आहे ना, मग स्थिर कशी?